अपंगत्व साठ टक्के, मग कमाई किती टक्के?

एका सुताराचा आणि एका कारकुनाचा डावा हात अपघातात सारख्याच जागी तुटला, असे समजू. डॉक्टर दोघांना तपासतील, तक्ता पाहतील आणि दोघांच्या प्रमाणपत्रावर सारखाच आकडा लिहितील. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही, कारण दोघांच्या शरीराचे नुकसान खरोखरच सारखे आहे. पण काही महिन्यांनी कारकून आपल्या टेबलावर परतलेला असेल आणि पगारही पूर्वीइतकाच घेत असेल. सुताराची कथा वेगळी. रंधा मारायला, फळी धरायला, पटाशी चालवायला दोन हात लागतात. त्याचा हात एकच गेला, धंदा मात्र पुरता गेला.

म्हणजे इथे प्रश्न दोन आहेत. शरीर किती निकामी झाले, हा पहिला. त्यामुळे कमावण्याची ताकद किती गेली, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर डॉक्टर देतात. दुसऱ्याचे उत्तर कोणी द्यायचे? अमेरिकेत या दुसऱ्या प्रश्नाभोवती एक स्वतंत्र पेशाच उभा राहिला आहे. तिथे त्याला ‘व्होकेशनल एक्स्पर्ट’ म्हणतात. आपण सोयीसाठी ‘रोजगारतज्ज्ञ’ म्हणू. या तज्ज्ञांना पदवी लागते, परीक्षा द्यावी लागते, प्रमाणपत्र मिळते आणि न्यायालयात त्यांची उलटतपासणीही होते. आपल्याकडे तोच प्रश्न रोज मोटार अपघात न्यायाधिकरणांपुढे आणि कामगार भरपाईच्या दाव्यांत येतो, पण त्याचे उत्तर देणारा माणूस बहुधा खोलीत नसतो.

एका आकड्याची किंमत

हा वाद शब्दांचा वाटेल, म्हणून हिशेबच करून पाहू. चौतीस वर्षांचा सुतार, स्वतःचा धंदा, महिन्याची कमाई पंधरा हजार रुपये. रस्त्यावरच्या अपघातात त्याचा हात गेला आणि प्रमाणपत्रावर साठ टक्के अपंगत्व आले. वर्षाची कमाई १ लाख ८० हजार. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली घालून दिलेल्या सूत्रानुसार चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीपोटी चाळीस टक्के मिळवतात. झाले २ लाख ५२ हजार. एकतीस ते पस्तीस या वयोगटासाठी २००९ च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे गुणक सोळा. एकूण आकडा येतो ४० लाख ३२ हजार.

आता न्यायाधिकरणाने प्रमाणपत्रावरचे साठ टक्के जसेच्या तसे ‘कमाईचे नुकसान’ मानले, तर या मथळ्याखाली हाती पडतील २४ लाख १९ हजार २०० रुपये. सुतारकाम आता होणारच नाही आणि दुसरे काम मिळण्यासारखे नाही, म्हणून नुकसान शंभर टक्के मानले, तर पूर्ण ४० लाख ३२ हजार. फरक सोळा लाखांहून अधिक. तीच जखम, तेच प्रमाणपत्र, तोच कायदा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट दिले की नाही, एवढ्यावर एका घराचे पुढचे आयुष्य ठरते.

न्यायाधीशांना पडलेला प्रश्न

अमेरिकेत काम करणे अशक्य झालेल्या कामगारांना सामाजिक सुरक्षा निधीतून मासिक रक्कम देण्याची योजना १९५६ साली, अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळात सुरू झाली. तिची अट कडक आहे. आजार किंवा इजा किमान बारा महिने टिकणारी किंवा जिवावर बेतणारी हवी आणि तिच्यामुळे माणसाला पोटापुरते कुठलेच काम करता येऊ नये.

‘कुठलेच काम’ या दोन शब्दांनी घोळ घातला. सुरुवातीला अधिकारी वैद्यकीय कागद पाहत आणि अर्जदाराला हलके काम जमेल असे म्हणून अर्ज फेटाळत. ते हलके काम नेमके कोणते आणि कुठे मिळते, हे कोणी सांगत नसे. १९६० साली कर्नर विरुद्ध फ्लेमिंग या खटल्यात न्यायमूर्ती हेन्री फ्रेंडली यांनी यावर बोट ठेवले. हा माणूस काय करू शकतो, आणि तेवढेच करू शकणाऱ्या माणसाला कामाच्या कोणत्या संधी आहेत, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पुराव्यासह हवीत, असे त्या निकालाने सांगितले. वैद्यकीय अहवालात दुसऱ्याचे उत्तर सापडणार नव्हते. त्यानंतर सुनावण्यांत रोजगारतज्ज्ञांना बोलावण्याची पद्धत पडली.

आज या योजनेत अर्जाची छाननी पाच पायऱ्यांनी होते. अर्जदार सध्या कमावतो आहे का? त्याची व्याधी गंभीर आहे का? ठरलेल्या अतिगंभीर आजारांच्या यादीत ती बसते का? पूर्वीचे काम त्याला करता येईल का? आणि नसेल, तर देशात दुसरे कुठले काम तो करू शकेल का? पहिल्या तीन पायऱ्यांवर रोजगारतज्ज्ञाचे काही काम नसते. तो लागतो चौथ्या आणि पाचव्या पायरीवर.

तज्ज्ञ नेमके काय करतो?

या सुनावणीतला रोजगारतज्ज्ञ अर्जदाराला तपासत नाही. त्याला अपंग ठरवणे किंवा न ठरवणे हेही त्याचे काम नाही. न्यायाधीश त्याच्यापुढे एक काल्पनिक माणूस उभा करतात. उदाहरणार्थ, वय बावन्न, शिक्षण दहावीपर्यंत, वीस वर्षे गवंडीकाम. दहा पौंडांपेक्षा जास्त उचलू शकत नाही, दिवसात दोन तासांहून अधिक उभा राहू शकत नाही, उजव्या हाताने डोक्याच्या वर काही घेता येत नाही. हा माणूस पूर्वीचे काम करेल का? नसेल, तर दुसरे कोणते? तशा जागा देशात किती? मग अटी एकेक करून वाढत जातात. महिन्यातून दोन दिवस तो गैरहजर राहणार असेल तर? दर तासाला पाच मिनिटे आडवे व्हावे लागत असेल तर?

उत्तर देण्यासाठी तज्ज्ञाला कामांची बारीक माहिती लागते. नुसते कामाचे नाव पुरत नाही. त्यात किती वजन उचलावे लागते, किती वाकावे लागते, बोटांची नाजूक हालचाल किती, शिकायला किती महिने लागतात, चुकीची किंमत काय, हे सारे ठाऊक असावे लागते. पूर्वीच्या कामातले कोणते कौशल्य नव्या कामात उपयोगी पडेल, याचाही एक हिशेब असतो. ट्रकचालकाला रस्ते, मालाची कागदपत्रे आणि वेळापत्रक कळते, म्हणून त्याला माल पाठवण्याच्या कचेरीत जागा मिळू शकेल. पण संगणकाला कधी हात लावलेला नसेल, तर ती वाट तितकी सोपी नाही.

वयाचाही विचार होतो. १९७८ पासून तिथे वय, शिक्षण आणि कामाचा अनुभव यांचा एक तक्ता वापरात आहे. पन्नाशीनंतर आणि पुन्हा पंचावन्ननंतर निकष सैल होतात. या वयात नव्या कामाला जुळवून घेणे अवघड असते, हे नियमानेच मान्य केले आहे. शरीराची तीच मर्यादा असली, तरी तिशीतल्या माणसाला एक उत्तर मिळते आणि पंचावन्नच्या माणसाला दुसरे.

सरकारी सुनावणीबाहेरही या तज्ज्ञांना मागणी असते. अपघात भरपाई, कामगारांचे दावे, नोकरीतून बेकायदा काढल्याचे खटले, इतकेच काय, घटस्फोटाचे दावेही. संसारासाठी पंधरा वर्षे नोकरी सोडलेली स्त्री आज बाजारात किती कमावू शकेल, हाही शेवटी कमावण्याच्या ताकदीचाच प्रश्न आहे. अशा दाव्यांत मात्र तज्ज्ञ माणसाला प्रत्यक्ष भेटतो, त्याच्या चाचण्या घेतो आणि लेखी अहवाल देतो.

प्रमाणपत्र कशाचे?

ज्याच्या एका वाक्यावर कोणाचे पोट अवलंबून आहे, त्याची स्वतःची पात्रता कोण तपासणार? इथे प्रमाणपत्रांचा विषय येतो. अमेरिकेत यासाठी सरकारी परवाना बंधनकारक नाही. पेशातल्या स्वतंत्र संस्था ही जबाबदारी घेतात. पुनर्वसन समुपदेशकांना प्रमाणित करणारा आयोग १९७४ पासून काम करतो. पदव्युत्तर शिक्षण, लेखी परीक्षा आणि आचारसंहितेची बांधिलकी या त्याच्या मुख्य अटी. हे प्रमाणपत्र जन्मभराचे नसते. दर पाच वर्षांनी ते नवे करून घ्यायचे असते आणि त्यासाठी या काळात शंभर तासांचे पुढचे शिक्षण दाखवावे लागते किंवा पुन्हा परीक्षा द्यावी लागते.

न्यायालयीन साक्षीचे काम करणाऱ्यांसाठी अमेरिकन बोर्ड ऑफ व्होकेशनल एक्स्पर्ट्स ही निराळी संस्था आहे. उच्च शिक्षणाखेरीज रोजगारक्षमता मोजण्याचा प्रत्यक्ष अनुभव आणि परीक्षा तिथे लागते. अनुभवाप्रमाणे ‘फेलो’ आणि ‘डिप्लोमेट’ अशा दोन पायऱ्या आहेत.

या वेगळ्या प्रमाणपत्राचे कारण समजून घेण्यासारखे आहे. समुपदेशकाचे काम माणसाला उभे करण्याचे. तो त्याच्या बाजूचा असतो आणि असायलाच हवा. साक्षीदार तज्ज्ञाने मात्र कोणाचीच बाजू घ्यायची नसते, मग त्याची फी विमा कंपनीने दिलेली असो की जखमी माणसाच्या वकिलाने. म्हणूनच ज्याचे समुपदेशन केले, त्याच्याच दाव्यात तटस्थ मूल्यमापक म्हणून उभे राहू नये, अशी या पेशाची रीत आहे. एकच माणूस दोन्ही टोप्या घालू लागला, तर समुपदेशनावरचाही विश्वास उडतो आणि साक्षीवरचाही.

प्रमाणपत्र भिंतीवर आहे म्हणून न्यायालय डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ आणि १९९९ च्या दोन निकालांत सांगितले, की तज्ज्ञाची पद्धत भरवशाची आहे का, हे न्यायाधीशांनी आधी पाहावे. दुसऱ्या निकालाने हा नियम शास्त्रज्ञांपुरता न ठेवता अनुभवाच्या बळावर बोलणाऱ्या तज्ज्ञांनाही लावला. सामाजिक सुरक्षेच्या सुनावण्यांत पुराव्याचे नियम इतके काटेकोर नसतात. आणि नेमका तिथेच एक मोठा वाद झाला.

आकडे आले कुठून?

मिशिगनमधल्या एका बांधकाम कामगाराने पाठीच्या दुखण्यामुळे आणि इतर व्याधींमुळे अर्ज केला होता. सुनावणीत रोजगारतज्ज्ञाने सांगितले, की त्याला बसून करायची कामे जमतील. देशात सुटे भाग जोडणाऱ्यांच्या २ लाख ४० हजार आणि माल निवडणाऱ्यांच्या १ लाख २० हजार जागा आहेत. वकिलाने विचारले, हे आकडे कशावरून? काही भाग स्वतःच्या खासगी पाहण्यांवरून, असे उत्तर आले. त्या पाहण्या दाखवा म्हटल्यावर तज्ज्ञाने नकार दिला, कारण त्या दुसऱ्या ग्राहकांच्या गोपनीय कागदांचा भाग होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१९ साली सहा विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल लागला. माहिती दाखवली नाही, एवढ्याच कारणाने तज्ज्ञाची साक्ष निकामी ठरत नाही, प्रत्येक प्रकरणात ती तपासून पाहावी, असे बहुमताने म्हटले. बिएस्टेक विरुद्ध बेरीहिल या नावाने हा निकाल ओळखला जातो. अल्पमतातल्या न्यायमूर्तींना हे पटले नाही.

दुसरी अडचण आणखी मुळातली. हे तज्ज्ञ ज्या सरकारी कोशावर विसंबतात, तो कामधंद्यांचा कोश पहिल्यांदा १९३९ साली निघाला. त्यात बारा हजारांहून अधिक कामांची वर्णने आहेत, पण त्याची शेवटची सुधारणा १९९१ ची. त्यानंतर जग बदलले. हाताने पाकिटांवर पत्ते लिहिणारा, हवेच्या नळीतून कागद पाठवणारा अशा नोंदी त्यात अजून आहेत. तुम्हाला पत्ते लिहिण्याचे काम जमेल, असे सांगून एखाद्याचा अर्ज फेटाळला जाणे हा विनोद नव्हता. असे प्रत्यक्षात घडत होते. वर्तमानपत्रांतून यावर टीका झाली. २०२४ साली सामाजिक सुरक्षा प्रशासनाने कोशातल्या ११४ नोंदींच्या आधारे अर्ज फेटाळणे थांबवले आणि आणखी १३ नोंदींसाठी, ती कामे आजही पुरेशा संख्येने आहेत याचा अधिक पुरावा मागितला. त्याच वर्षी ‘पूर्वीचे काम’ म्हणून मागची पंधरा वर्षे पाहण्याऐवजी फक्त पाच वर्षे पाहण्याचा नियमही आला.

माणूस प्रमाणित असला, तरी त्याच्या हातातली मोजपट्टी जुनी असेल, तर माप चुकतेच. प्रमाणपत्र तज्ज्ञाच्या शिक्षणाची हमी देते. त्याच्या आकड्यांची हमी वेगळी मागावी लागते.

आपल्याकडे काय आहे?

आपल्या न्यायालयांना हा फरक कळला नव्हता असे मुळीच नाही. १९७५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचेच प्रकरण आले होते. कामावर असताना त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. कायद्याच्या तक्त्यात अशा इजेला शंभरपेक्षा कमी टक्के आहेत. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा हे पूर्ण अपंगत्वच, हा भरपाई आयुक्तांचा निर्णय न्यायालयाने उचलून धरला. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबटा हा तो निकाल.

तक्ता आहे १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यातला. आता त्याच्या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या गेल्या आहेत. अंगठा गेला तर ३० टक्के, पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के, पंजा गेला तर ६० टक्के. हे टक्के शरीराच्या हानीचे नसून ‘कमावण्याच्या ताकदीच्या हानीचे’ आहेत, असे कायदाच म्हणतो. रखवालदाराची तर्जनी आणि सोनाराची तर्जनी तिथे एकाच भावाने मोजली जाते. ज्या इजा तक्त्यात नाहीत, त्यांच्या बाबतीत कमाईचे नुकसान ठरवण्याचे काम कायद्याने डॉक्टरांवर सोपवले आहे.

मोटार अपघातांच्या दाव्यांत मात्र सर्वोच्च न्यायालयाने वेगळी वाट आखून दिली. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांनी स्पष्ट केले, की डॉक्टर फक्त कायमच्या शारीरिक अपंगत्वाबद्दल साक्ष देऊ शकतात. कमाईची ताकद किती गेली, हे न्यायाधिकरणाने सगळा पुरावा पाहून ठरवायचे. त्यासाठी तीन गोष्टी पाहायच्या. अपघातानंतर माणूस कोणत्या हालचाली करू शकतो आणि कोणत्या नाही. अपघाताआधी त्याचा व्यवसाय आणि वय काय होते. आणि आता तो कमावूच शकत नाही, की पूर्वीचेच काम करू शकतो, की कमी प्रतीचे काही करू शकतो. चालकाचा किंवा सुताराचा हात आणि कारकुनाचा हात यांतला फरकही या निकालात उदाहरण म्हणून आला आहे.

अमेरिकेतल्या पाच पायऱ्यांतल्या शेवटच्या दोन आणि या तीन गोष्टी यांत फारसे अंतर नाही. अंतर आहे ते माहिती कोण पुरवतो यात. न्यायाधिकरणापुढे डॉक्टर येतात, वकील असतात, विमा कंपनी असते. कामधंद्याची माहिती असलेला, निःपक्षपाती साक्षीदार क्वचितच दिसतो. मग अंदाज बांधला जातो आणि अंदाज पायरीगणिक बदलतो. हात गमावलेल्या एका तरुण डेटा एन्ट्री ऑपरेटरच्या दाव्यात उच्च न्यायालयाने कमाईचे नुकसान ४५ टक्के धरले होते. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते ६५ टक्के केले आणि साचेबंद नजरेने न पाहता जगण्याची वस्तुस्थिती पाहावी, असे सांगितले.

टक्केवारीपलीकडे पाहण्याचा हा विचार शिक्षणातही आला आहे. वाचा आणि भाषेचे अपंगत्व चाळीस टक्क्यांहून अधिक, म्हणून महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला वैद्यकीय प्रवेश नाकारला गेला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की नुसता आकडा पुरेसा नाही, हा अभ्यासक्रम तो पुरा करू शकेल का, हे मंडळाने तपासून सांगावे.

माणसे आहेत, व्यवस्था नाही

असे तज्ज्ञ आपल्याकडे घडवताच येणार नाहीत, असे नाही. १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्यात पुनर्वसन व्यावसायिकांचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत अपंगांसाठी काम करणारे व्यवसाय समुपदेशक आणि रोजगार अधिकारीही आहेत. त्यांची नोंदणी केंद्रीय रजिस्टरमध्ये होते. महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार तज्ज्ञांची स्वतंत्र राज्य परिषद आहे. मुंबईत हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. सायनला केंद्र सरकारचे दिव्यांगांसाठीचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे. १९६८ पासून व्यावसायिक पुनर्वसन केंद्र म्हणून ते ओळखले जाई. उरलेल्या क्षमतेची पाहणी करून कोणते काम जमेल, हे सांगणे हेच अशा केंद्रांचे काम.

कमी आहे ती या दोन टोकांना जोडणारी दोरी. ज्याला काम आणि शरीर दोन्ही कळते, त्याला न्यायाधिकरणाने बोलवावे, अशी रुळलेली वाट नाही. आपल्या कामांचे राष्ट्रीय वर्गीकरण २०१५ चे आहे. त्यात कामे काय असतात हे सापडते, पण कोणत्या कामात किती किलो उचलावे लागतात, हे सापडत नाही. शिवाय आपले बहुतेक कामगार असंघटित. ऊसतोडीत, बांधकामावर, भाजीच्या गाडीवर एकाच दिवसात एक माणूस चार प्रकारची कामे करतो. ती अमेरिकी कोशात बसणार नाहीत. म्हणून त्यांची नक्कल करून भागणार नाही, पण तीन गोष्टी घेता येतील. शरीर मोजणारा आणि कमाई मोजणारा यांची कामे वेगळी ठेवणे, कमाई मोजणाऱ्याची पात्रता ठरवून ती वेळोवेळी तपासणे, आणि त्याने आपले आकडे कुठून आणले हे दाखवायला लावणे. तिसरी गोष्ट अमेरिकेलाही अजून पुरती साधलेली नाही.

तोवर काय करता येईल?

घरात असा प्रसंग आलाच, तर काही गोष्टी हाती ठेवाव्यात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी एका अवयवाची आहे की सगळ्या शरीराची, हे डॉक्टरांना विचारावे. तो फरक मोठा असतो. टक्क्यांबरोबरच काय करता येत नाही, हे लिहून मागावे: किती वजन, किती वेळ उभे राहणे, जिना, पकड, नजर. अपघाताआधीचे काम नेमके कसे होते, याचा पुरावा जमवावा. मालकाचे पत्र, मजुरीच्या नोंदी, परवाना, कामाचे फोटो, बरोबर काम करणाऱ्यांची साक्ष, यातले काहीही उपयोगी पडते. दाव्यात ‘साठ टक्के अपंगत्व’ एवढेच न लिहिता, त्यामुळे कोणते काम बंद पडले, हे मांडायला वकिलांना सांगावे. व्यवसायोपचार तज्ज्ञाचा क्षमता-अहवाल मिळाला, तर तो जरूर जोडावा.

नोकरी सरकारी असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० लक्षात ठेवावे. सेवेत असताना अपंगत्व आले, म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर आणता येत नाही. पूर्वीचे काम झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. राजीनाम्याच्या कागदावर घाईत सही करण्याआधी हे कलम कचेरीला दाखवावे.